इंजिन शेवटी बघ, आधी कागद आणि ब्रेक

प्रश्न कोथरूडच्या एका तरुणाचा आहे. वय एकोणतीस, नोकरी चाकणला. त्याच्याच शब्दांत: "काका, फौजेतून निघालेली जोंगा जीप घ्यायची आहे, जमलं तर पुढेमागे शक्तिमान ट्रक. फेरेटसारखी छोटी चिलखती गाडी बाहेरून आणून ठेवता येते का? गाडी कुठे मिळेल, इंजिन कसं तपासायचं आणि सगळं मिळून कितीत पडेल?"

दहातले नऊ जण इंजिनाचंच विचारतात. सतरा वर्षं ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो, त्यानंतरची एकोणीस वर्षं भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये हेच काम करतोय. एवढ्या वर्षांत निव्वळ इंजिनामुळे कायमची बसलेली गाडी एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच पाहिली. कागदापायी अडकलेल्या मात्र आत्ता शेडमागच्या गवतातच दोन उभ्या आहेत. त्यातल्या एकीच्या बॉनेटमधून घाणेरी वर आली आहे, फुलंही धरलीत.

चिलखती गाडीचा विषय आधी संपवतो, कारण तो लहान आहे. फौजेत 'ए' वाहन म्हणजे चिलखती, 'बी' म्हणजे ट्रक-जीप आणि 'सी' म्हणजे डोझरसारखी यंत्रं. नागरिकाच्या हाती पडतं ते 'बी'. इंग्लंडात हौशी लोक फेरेट बाळगतात हे खरं. डेमलर कंपनीने 1952 ते 1971 या काळात हजारोंनी बनवलेली, रोल्स-रॉइसच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची गाडी. गिअर पाच, आणि पाचही उलटे चालतात, म्हणजे पुढे जितक्या वेगाने घुसली तितक्याच वेगाने मागे पळता येतं. यंत्र म्हणून देखणं आहे, माझाही जीव आहे त्याच्यावर. पण आपल्या आयातीच्या यादीत 8710 हे शीर्षक रणगाडे आणि चिलखती लढाऊ वाहनांचं आहे, शस्त्र बसवलेलं असो वा नसो, सुटे भागसुद्धा त्यातच. परवान्याशिवाय ते बंदरातून बाहेर येत नाही आणि हौसेखातर तो परवाना मिळत नाही. समजा आलीच, तरी आरटीओत तिची नोंद कशाखाली करणार? तेव्हा ती हौस अहिल्यानगरला जाऊन भागव. पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, 1994 साली उघडलेलं. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती मोटार, मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन हे रणगाडे, आपला विजयंता आणि पाकिस्तानकडून घेतलेला पॅटन, सगळं एका आवारात. सकाळी लवकर जा. दुपारी तिथलं लोखंड हात लावू देत नाही इतकं तापतं.

आता जोंगा. जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरं जुळवून हे नाव झालं. मूळ गाडी निस्सान पॅट्रोल, जबलपूरच्या वाहन कारखान्यात 1969 पासून 1999 पर्यंत बनत होती. सहा सिलिंडर पेट्रोल, 3956 सीसी, 110 हॉर्सपॉवर. तिचीच थोरली बहीण म्हणजे निस्सान वन टन, मागे हौदा असलेली. शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावरचा ट्रक, 1959 पासून जबलपूरलाच. एकेकाळी खडकी, देहूरोड, दिघी या पट्ट्यात सकाळी रस्त्याला लागलं की यांचाच ताफा दिसायचा. धोनीने 2019 मध्ये जोंगा घेतली, फोटो सगळीकडे फिरले आणि भाव चढले. त्याआधी भंगारवाला जी गाडी वजनावर तोलायचा, तिच्याबद्दल तोच आता "पीस आहे साहेब" म्हणतो.

थेट फौजेकडून घेण्याचे दिवस जवळजवळ संपले. पूर्वी कंडम झालेल्या गाड्यांचे लॉट लिलावात निघायचे. बयाणा भरा, बोली लावा, सुटका आदेश घ्या आणि मुदतीत उचला, नाहीतर जागाभाडं चढतं. आता लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन यंत्रणेतून होतात, आणि 2023 पासून सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरच्या गाड्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात मोडायचा नियम आला. त्यामुळे बरेच लॉट अशा केंद्रांनाच खुले असतात. जोंगा तर बंद होऊन पाव शतक उलटलं. तुला मिळेल ती दुसऱ्या, तिसऱ्या, बहुधा चौथ्या हातची. म्हणून गाडीआधी तिचा कागद वाच.

कागदाची साखळी अशी असते. फौजेत असताना गाडीची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली संरक्षण खात्याकडेच असते, आरटीओशी संबंध नसतो. ती खाजगी मालकाकडे गेली की साध्या गाडीसारखी नवी नोंद करावी लागते. त्यासाठी नमुना 20 चा अर्ज, आणि माजी लष्करी गाडी असेल तर संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं नमुना 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र. मूळ म्हणजे मूळ. झेरॉक्सवर "खरी प्रत" असा शिक्का मारून आणलेला कागद घेऊन माझ्याकडे कितीतरी जण आलेत, आणि प्रत्येकाला मी चहा पाजून परत पाठवलंय. नोंद कधीच झालेली नसेल आणि मूळ 21 हरवलं असेल, तर ती गाडी शोभेची वस्तू आहे हे धरूनच भाव कर.

नोंद झालेली असेल तर आरसी बघायची, आणि आरसीवर विश्वास न ठेवता चेसिस बघायचं. चार वर्षांपूर्वी एक गृहस्थ बाहेरच्या राज्यातून जोंगा घेऊन आले. स्वच्छ कार्ड, चेसिसवर रिव्हेट मारलेली पितळी पट्टी, दोन्हीवर नंबर एकच. ते खूश. मी पट्टी राहू दिली आणि चेसिसच्या लोखंडावर नंबर ठोकलेली जागा शोधली. तिथे रंगाचे चार थर होते. रॉकेलचं फडकं, मग पॉलिश पेपर, मग पांढरा कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासली, आरटीओत छाप घेतात तशी. अक्षरं हळूहळू उमटायला लागली. पहिली पाच जुळली. सहाव्याला पट्टीवर 7 होता आणि कागदावर 1 आला, त्यापुढचे दोन आकडेही वेगळे. गृहस्थ काही बोलले नाहीत, पेन्सिल माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः परत घासली. गवतातल्या दोघींपैकी घाणेरीवाली ती हीच.

इंजिन नंबर जुळला नाही तर तेवढ्याने घाबरू नकोस. फौजेत इंजिन अदलाबदल रोजची असते. ओव्हरहॉलला आलेल्या गाडीचं इंजिन उतरवतात, दुसरं तयार इंजिन चढवतात आणि गाडी युनिटला परत जाते. प्रश्न एवढाच की आत्ता ब्लॉकवर असलेला नंबर आरसीवर चढलाय का. आणि पेट्रोल काढून कोणतं तरी डिझेल इंजिन बसवलेली जोंगा तर सर्रास मिळते. उत्तरेत, मंडी डबवालीच्या बाजूला, जीपा उघडून बांधायचा मोठा धंदाच आहे. बदल कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेला नसेल तर ते इंजिन कितीही गोड वाजो, विम्याच्या वेळी कडू लागतं.

तुझ्यासाठी एक बरी वाट आहे. 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांचा वेगळा नियम आला. 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, बिगर-व्यापारी, चेसिस-बॉडी-इंजिन मूळ रूपात. नोंदणी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000. नंबरात 'व्हीए' येतं. पहिल्या काही वर्षांतल्या जोंगा आता यात बसतात. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. चाकणला ऑफिसला न्यायची असेल तर ही वाट सोड. शक्तिमानचं दुखणं निराळं: तो मालवाहू, म्हणजे फिटनेस आलं, परमिट आलं, आणि उभा करायला जागा आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शक्तिमान लावलेला मी एकदाच पाहिला, आणि तो तिथून क्रेनने निघताना पाहिला. शक्तिमानचा विचार लग्नानंतर कर, सासरी शेत असेल तर.

रंगाचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण नंतर दोनदा पैसे जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम म्हणतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय कुणालाही लावता येत नाही. सगळी हौस त्याच रंगाची असते हे मला ठाऊक आहे. वर फौजेसारखा बाणाचा नंबर, दारावर युनिटचं चिन्ह, ड्रायव्हरच्या अंगावर चट्ट्यापट्ट्यांचा टीशर्ट, असं सोंग घेऊन कॅम्पातून फिरलास तर एमपीवाले, म्हणजे मिलिटरी पोलीस, थांबवतील आणि बरोबरच करतील. वाळवंटी पिवळट लाव, राखाडी लाव. मात्र जुना रंग घासताना घाई करू नकोस. पाणी मारून चारशेच्या पेपरने घासत गेलास की थराखाली थर निघतात, आणि एखाद्या दारावर तळहाताएवढा जुन्या चिन्हाचा चौकोन वर येतो. मी तो तेवढा तसाच ठेवून वरून लॅकर मारतो. कुठल्या युनिटची होती ते सांगणारं पुष्कळदा तेवढंच उरलेलं असतं.

आता गाडीखाली जाऊ. लोक गाडी आणल्या दिवशी ती चालू करून बघतात. मी आणल्या दिवशी चाकं काढतो. दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन दोन दिवसांत बोलतं, मालक खूश होऊन चक्कर मारतो, आणि मग ती थांबवायची कशी हे त्याला पहिल्या चौकात समजतं. या पिढीच्या जीपांना ब्रेकची एकच लाइन असते. आजच्या गाडीसारखे दोन सर्किट नाहीत. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बरीच वर्षं झाली, एका गिऱ्हाइकाची वन टन मालवाहू म्हणून पास करायला दिवे गावच्या आरटीओ ट्रॅकवर नेली होती. चारही व्हील सिलिंडरना नवी किट, नवे लायनर, पासिंग झालं, ब्रेकची नोंद उत्तम. येताना दिवे घाट उतरायला लागलो, वारीत माउलींची पालखी चढते तोच घाट. वर दोनतीन वळणांवर पाय ठेवून ठेवून उतरलो आणि मधल्या वळणाला पेडल एकदम मऊ झालं, लोण्यात पाय जावा तसं. दुसऱ्यांदा दाबलं, खालीच. सेकंडला टाकली, इंजिन किंचाळलं, तरी गाडी पुरेशी धरेना. शेवटी डावीकडचं चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात उतरवलं, पाटा घासत घासत थांबली. बरोबरचा पोऱ्या उतरून रस्त्याकडेला बसला तो दहा मिनिटं उठला नाही.

चूक माझी होती. किट नवी घातली, पण लाइनमधलं जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढलं नव्हतं. निम्मं जुनं, निम्मं नवं, एअर काढली आणि झालं म्हटलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 3 कोरडं असताना 205 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर 140 ला. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. घाटात ड्रम तापले, पाणी शोषलेलं ऑइल उकळलं, लाइनमध्ये वाफ झाली, आणि वाफ दाबली तर दबते, ती ब्रेक लावत नाही. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक गाडीची लाइन स्पिरिटने धुतली जाते, धातूचे पाइप नवे आणि रबरी होज तर न बघता नवे. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजलेला असतो. पेडल दाबलं की ऑइल जातं, सोडल्यावर परत येत नाही, मग चाक धरून ठेवतं आणि ड्रम जळतो. व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर नवं किट टिकत नाही. सिलिंडर बोअर करून स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह बसवून घे. भोसरीत चांगल्या लेथवाल्याला हे तासाभराचं काम आहे.

ड्रम उघडलास की आतली काळी धूळ एअरने उडवू नकोस. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आहे. ओल्या फडक्याने पूस, फडकं पिशवीत बांधून टाक. दुसऱ्या महायुद्धातली जीप असेल तर तिच्या मीटरचे काटेही खरवडायचे नाहीत. अंधारात दिसावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग द्यायचे. चमक केव्हाच गेली, रेडियम आहे तिथेच आहे. त्याचं अर्धं आयुष्यच 1600 वर्षांचं. काच बंद असू दे, फुटली असेल तर मीटर पिशवीत घालून बाजूला ठेव. आणि टूलबॉक्स, सीटखालची पेटी एकदा नीट चाचपून बघ. काडतूस सापडलं तर आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवायचं नाही. हात न लावता पोलिसांना फोन.

चाकांबद्दल मी थोडा जास्त बोलणार आहे, ऐकून घे. युद्धकाळातल्या विलीज जीपला दोन भागांचा रिम असतो. बाहेरून बघितलं तर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतलं पाचाचं, त्याने चाक हबला धरलेलं असतं. बाहेरचं आठाचं, त्याने रिमचे दोन भाग एकमेकांना धरलेले असतात, आणि त्या दोन भागांच्या मध्ये हवा भरलेला टायर दाबून बसलेला असतो. पंक्चर काढणाऱ्या पोराला हे माहीत नसतं. तो पाना घेतो आणि हाताला लागेल तो नट सोडवायला लागतो. बाहेरच्या आठातले चारपाच नट ढिले झाले की उरलेले एकदम तुटतात आणि रिमचा अर्धा भाग तोफेतून सुटावा तसा येतो. माझ्या शेडच्या छताला एक भोक आहे. तिथून पावसात थेंब पडतो, तरी मी मुद्दाम पत्रा बदलत नाही. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला ते दाखवतो. त्या दिवशी नट सोडणारा माझाच हेल्पर होता. नशीब की तो चाकाच्या बाजूला बसला होता, समोर नव्हता. गाल फाटला, सात टाके पडले.

तेव्हा नियम असा: चाकाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हचं टोपण काढून आतला कोअर बाहेर काढायचा, हवा पूर्ण जाऊ द्यायची, तार घालून खात्री करायची, मग पाना. कॅनडाहून युद्धात आलेल्या फोर्ड-शेव्हर्ले ट्रकांना रिम जोडणारे नट लाल रंगवलेले असायचे, "याला हात लावू नका" या अर्थाने. तुझ्या गाडीला तसे रिम असतील तर तूही रंगव, पाच मिनिटांचं काम. ट्रकच्या लॉक रिंगच्या चाकाला हवा भरताना पिंजऱ्यात ठेवूनच भरायची, आणि पिंजरा नसलेल्या दुकानातून सरळ बाहेर पडायचं. विलीज आणि युद्धकाळातल्या डॉज गाड्यांच्या डाव्या बाजूचे व्हील नट उलट्या आट्यांचे असतात हेही लक्षात ठेव. मी असे स्टड पाहिलेत जे लांब पाइप घालून "सोडवता सोडवता" तोडलेले होते. सोडवणारा बिचारा आवळत होता.

आता तुझं लाडकं इंजिन. बसलेलं असेल तर धक्का मारून किंवा टोचन करून चालू करायला जाऊ नको, रिंगा मोडतील. स्पार्क प्लग काढ, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं, चहाचा अर्धा कप. दोनतीन दिवस तसंच राहू दे. मग हँडलने हळू फिरव. सुटलं की ऑइल बदल, फिल्टर बदल, सेल्फने प्लगशिवाय फिरवून प्रेशर येतंय का बघ, त्यानंतर ठिणगीचा विचार. हँडल मारताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही, आणि वरच्या दिशेला ओढायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटून जातं. अंगठा गुंडाळलेला असेल तर अंगठ्याचं हाड जातं.

निस्सानचं हे इंजिन दणकट आहे, कॉम्प्रेशन बरं असेल तर उगाच उघडू नकोस. सध्याचा त्रास पेट्रोलचा आहे. पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं. गाडीतल्या जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्राम, कॉर्कची गॅस्केटं, रबरी पाइप त्याने सुजतात, आणि पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल ते पाणी घेऊन तळाशी बसतं. चार महिने उभ्या ठेवलेल्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज थेट कार्बोरेटरमध्ये जातो. पाइप आणि डायफ्राम व्हायटॉन रबराचे घाल, पंपाआधी पारदर्शक फिल्टर लाव, पावसाळ्यात उभी ठेवणार असशील तर टाकी रिकामी करून ठेव. आणि टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर "पेट्रोल कधीच संपलंय" या शब्दावर कुणालाही टॉर्च पेटवू देऊ नकोस. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते.

जोंगाची वायरिंग 24 व्होल्टची, दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. तुझ्या वयाची मुलं म्युझिक आणि मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढतात. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, वर्षभरात दोन्ही जातात. चोवीस-बाराचा कन्व्हर्टर बसव. तो काही फार महाग नाही, आणि सायलेन्सरच्या आवाजात म्युझिक तसंही ऐकू येणार नाही.

पत्रा तपासायला खिशात लोहचुंबक ठेव, रुमालात गुंडाळलेला. जिथे चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. फ्लोअर, पायदानाखालचे कोपरे आणि पाट्याचे ब्रॅकेट हे तीन बघ, बाकीचा पत्रा भवानी पेठेत मिळतो आणि ठोकणारे कारागीर अजून आहेत. स्पेअरसाठी आधी नाना पेठ, मग बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. तिथे जोंगाचा भाग मिळेल असं नाही, पण जीपसाठी इंची पाने, जुने मीटर, डायनॅमोचे ब्रश असं काहीबाही मिळतं. जोंगा आणि शक्तिमान मेट्रिक आहेत, विलीजला इंची पाने लागतात. तेरा नंबरचा मेट्रिक पाना अर्ध्या इंचाच्या नटावर चालवणारा मेकॅनिक दिसला की गाडी तिथून काढून ने. कुदळवाडीची भंगार गोदामं 2025 च्या फेब्रुवारीत पाडली, तेव्हापासून माझी निम्मी ठिकाणं विखुरली. आता माल मुख्यतः जबलपूर आणि दिल्लीच्या मायापुरीहून मागवतो. मागवताना फोटोत भागाच्या शेजारी फूटपट्टी ठेवायला सांग.

गिअरबॉक्समध्ये कुणी आग्रह केला तरी जीएल-5 तेल ओतू नकोस. पितळी सिंक्रो रिंगांना ते सोसत नाही, जीएल-4 घाल. डिफरन्शियलला जीएल-5 चालतं.

खर्चाचं. माझ्या शेडमधून शेवटची पूर्ण झालेली जोंगा मालकाला गाडीची किंमत वगळून साडेसहा लाखांना पडली आणि चौदा महिने लागले. त्यातले पावणेदोन लाख ब्रेक, हब, चाकं आणि टायरचे. इंजिनावर नव्वद हजार. पत्रा आणि रंगावर सगळ्यात जास्त, कारण मालकाने मध्येच रंग बदलला. शिवाय चालवायचा खर्च आहेच. लिटरला चार किलोमीटर धर. म्युझियमला जाऊन यायचं म्हटलं तर साठ लिटर, सहा हजारांच्या वर.

हे सगळं वाचूनही घ्यायचीच असेल, तर सौदा करायच्या आधी विकणाऱ्याकडून दोन गोष्टी मागव: आरसी किंवा मूळ नमुना 21 चा दोन्ही बाजूंचा फोटो, आणि चेसिसच्या लोखंडावरून पेन्सिलने घेतलेला छाप. पट्टीचा फोटो पाठवला तर परत माग. ते घेऊन रविवारी अकरानंतर शेडवर ये. आळंदी रस्त्याने आलास तर पेट्रोलपंपापुढच्या गल्लीत वळ, बॉनेटमधून घाणेरी आलेली जोंगा दिसेल, तिच्या मागे मी असतो.